पंखाबंद मॅडम

पांढुर्ण्याचा मे महिना ज्यानं काढला त्याला मी वेगळं काही सांगायला नको. सकाळी नवालाच रस्ता सुनसान होतो, कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात. अशा दिवसांत, डोक्यावर चांगला चालता पंखा असताना तो बंद करायला लावणारी एकच बाई अख्ख्या गावात होती, आणि माझं नशीब असं की मी तिच्याच हाताखाली नोकरीला होते.

"पंखा बंद!" मॅडम दारात दिसायच्या आधी त्यांचा आवाज आत यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. आम्ही घामानं निथळत उठायचो नि बटन दाबायचो. गावानं त्यांचं नाव 'पंखाबंद मॅडम' ठेवलं होतं. एकदा सौंसरला नात्यातल्या लग्नात त्या पंगतीत बसल्या आणि सवयीनं मांडववाल्याला म्हणाल्या, "पंखा बंद." त्या बिचाऱ्यानं केला. नवरदेवाचा मामा टॉवेलनं वारा घेत विचारायला आला, लाइन गेली का म्हणून. मॅडमना कळलंसुद्धा नाही आपण काय करून बसलो ते, त्या आपल्या वरण-भात कालवत होत्या.

हे वेड त्यांना सुरुवातीपासून नव्हतं. ते कुठून लागलं हे मला माहीत आहे, कारण ते माझ्या माहेरातून लागलं.

आधी काम सांगते, नाहीतर काही समजायचं नाही. आमचा दवाखाना एका संस्थेचा, बायकांचा. ऐंशीनंतरचा काळ. बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर धरायच्या आधी तिथल्या पेशी बदलायला लागतात, आणि तेव्हाच तो ओळखला तर बाई वाचते. त्यासाठी लाकडी पट्टीनं तिथलं पाणी हलकेच घ्यायचं, काचेवर पसरायचं, काच ओली असतानाच स्पिरिटमध्ये बुडवायची, मग रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. ते पाहणाऱ्या डॉक्टर म्हणजे मॅडम. काचा रंगवायच्या आणि आपलीही एक नजर टाकायची ते काम माझं. नागपुरात यासाठी मोठमोठे विभाग होते. आमच्याकडे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, आणि लाइन गेली की त्याचा आरसा खिडकीकडे वळवून उन्हावर काम. ढग आला की आम्ही दोघी हात बांधून बसायचो.

मॅडम मूळच्या सौंसरच्या, संत्र्याची बाग असलेल्या घरातल्या. लग्न केलं नाही, का नाही ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. शिकल्या नागपूरला, पण पेशंट बायकांशी, माझ्याशी, कंपाउंडरशी वऱ्हाडीच बोलायच्या. राग आला की मात्र शुद्ध बोलायला लागायच्या. "हे काय करून राहिली वं पोरी?" म्हणाल्या तर घाबरायचं काम नाही. "आपण हे काय केलंत?" म्हणाल्या की समजायचं, आज आपली खैर नाही.

'काही नाही' हे दोन शब्द त्यांच्या खोलीत चालत नसत. मी काच पाहून म्हटलं, "मॅडम, यात काही नाही," की त्या मान वर न करता विचारायच्या, "काही नाई, का तुले काही दिसलं नाई?"

"तेच तं."

"तेच कसं वं? दार बंद दिसलं म्हंजे घरात कोनी नाई, असं होते का?"

एकट्याच्या नजरेवर त्यांचा विश्वासच नव्हता. स्वतःच्याही नाही. "एका मानसानं पाह्यलं म्हंजे अर्धंच पाह्यलं," असं म्हणायच्या. संध्याकाळी खोलीला कुलूप मी लावायची, ते ओढून त्या पाहायच्या, आणि मग मलाही परत ओढून पाहायला लावायच्या. रोज. चौकीदार गंमत म्हणून तिसऱ्यांदा ओढायचा, तर त्याला शाबासकी द्यायच्या!

रोजच्या काचांच्या ताटात त्या गुपचूप एखादी जुनी काच सरकवून ठेवायच्या, नंबर बदलून. त्यात काय आहे ते त्यांना माहीत, मला नाही. मी चुकले तर रागवायच्या नाहीत. तीच काच काही दिवसांनी दुसऱ्या नंबरानं परत यायची. परत चुकले तर परत. एक काच तर अशी हात धुऊन माझ्यामागे लागली होती की ती मला माझ्या सासूपेक्षा जास्त ओळखीची झाली. आणि त्यांचा हुकूम असा की मीही त्यांच्या ताटात अशा काचा लपवायच्या. त्या चुकल्या की स्वतःला शिक्षा : दिवसभर चहा बंद. चहाशिवाय मॅडम म्हणजे काय चीज होती ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. कंपाउंडर दारातूनच हळूच विचारायचा, "आज काऊन वातावरन गरम हाये?" मी नुसतं म्हणायची, "चुकल्या."

या कंपाउंडरनं एकदा स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात गोटमार. नदीवर दगड चालतात, डोकी फुटतात आणि सारे दवाखाने भरून जातात, बायकांचे असले तरी. त्या वर्षी आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांची डोकी पुसण्यात यानं आमच्या काचांचं स्पिरिट संपवलं आणि डब्यात पाणी भरून ठेवलं. मॅडमची एक खोड होती. काम सुरू करायच्या आधी स्टीलच्या झाकणात थोडं स्पिरिट ओतून काडी लावायच्या. चांगलं असलं तर जळून जवळजवळ कोरडं व्हायचं. त्या दिवशी काडी नुसती फुस्स झाली.

"आपण यात पाणी घातलंत?"

कंपाउंडर पांढराफटक. "मॅडम, पोट्ट्यायची डोस्की फुटली होती."

त्या एकदम निवळल्या. "डोस्क्याले लावलं ते बरं केलं. पानी काऊन टाकलं?"

"डबा रिकामा दिसला असता ना."

"अरे बापा, रिकामा डबा मले दिसते," मॅडम म्हणाल्या. "पानी टाकलेला दिसत नाई."

आता माहेराचं सांगते. माझं माहेर मोहगावचं. वडील नगरपालिकेत होते, ते गेले. घरात आई, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. ती वयानं माझ्याहून लहान, पण मी तिला वहिनीच म्हणायची. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची, तीन लेकरं, कामाला वाघीण. एका हिवाळ्याच्या अखेरीस मी गेले तर तोंडावर रया नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, पाळी नसताना कपड्याला डाग पडून राहिले, नवरा जवळ आला की हमखास. आईला सांगितलं नव्हतं. हे काय असू शकतं ते मला रोज काचेखाली दिसत होतं. पांढुर्ण्याला चल म्हटलं, तर आईला काय सांगू म्हणून ती निघेना.

योगायोगानं उन्हं तापायला लागताच संस्थेनं मोहगावला बायकांच्या तपासणीचं शिबिर ठेवलं. पांढुर्ण्याबाहेरचं ते पहिलंच. मी वहिनीला तयार केलं. तिला तपासणीच्या टेबलावर जायची लाज, तिला लोक काय म्हणतील याची धास्ती. "एक डाव जा," मी म्हटलं, "पुन्हा कोनी बोलावनार नाई." असं मी तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं. तिच्या नादानं आमच्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच बायका गेल्या. काचा घ्यायला सौंसरच्या सिस्टर होत्या, मॅडमनी त्यांना दिवसभर बसवून शिकवलं होतं. मॅडम आणि मी पांढुर्ण्यातच थांबलो होतो.

काचांची बरणी बसमधून आली, संत्र्याच्या पेटीत, तणसात बसवून. मी रंगवल्या. मॅडमनी पहिली काच पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी. मग मला बोलावलं. साऱ्या पेशी फुगलेल्या, फिकट, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. एक नाही, दोन नाही, सगळ्याच तशा. वहिनीचीसुद्धा.

"यातल्या एकीचाही अहवाल देता येणार नाही," मॅडम शुद्ध मराठीत म्हणाल्या. तेव्हाच मला कळलं की पुढं कठीण आहे.

संस्थेचे अध्यक्ष तडक आले. शिबिराचा समारोप व्हायचा होता, कलेक्टर येणार होते. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. "मॅडम, देखो, कुछ खराब दिखा क्या?"

"नाही."

"तो फिर नॉर्मल लिख दो ना. ज्यायले तरास हाये अशा दोघी-तिघीयले बोलवा पुन्हा, बाकीच्यायले कायले परेशान करता?"

"दोघी-तिघींना बोलावलं तर गाव त्या दोघी-तिघींना जगू देईल का?" मॅडम म्हणाल्या. "बोलावलं तर सगळ्यांना. आणि मी न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिणार नाही."

खरं सांगते, तेव्हा मला मॅडमचाच राग आला होता. वहिनीला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? आणि मनाच्या एका कोपऱ्यात असंही वाटत होतं की लिहून टाकावं नॉर्मल, एकदाची झोप तरी लागेल. मॅडमना वहिनीचं मी सांगितलं. त्या ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, "मंग तं घाई केली पायजे. पन लिहाची नाई, जायाची."

आधी आम्ही सौंसरला गेलो, सिस्टरांकडे. मॅडम कोपऱ्यात स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी करा तुमचं काम, मी पाह्यते." सिस्टरांनी एका बाईचं पाणी घेतलं, काचेवर इतकं सुंदर पसरलं की काय सांगू, आणि मग ती काच पंख्याखाली धरली. फुंकर घातली. लेकराच्या दुधावर घालतात तशी. कोरडी खडखडीत झाल्यावर स्पिरिटमध्ये सोडली.

"सिस्टर, पंख्याखाली कायले धरली?"

"मॅडम, वली काच स्पिरिटात टाकली तं सारं धुऊन नाई जाईन का?" सिस्टर म्हणाल्या. आयुष्यभर त्यांनी मलेरियाच्या रक्ताच्या काचा घेतल्या होत्या, आणि त्या सुकवूनच ठेवायच्या असतात. न सुकवलेली काच त्यांच्या हाताला अपुरी वाटायची. मोहगावला तर सरपंचानं मोठ्या प्रेमानं घरचा टेबलफॅन आणून दिला होता, डॉक्टर लोकांना गरम होऊ नये म्हणून. तोच त्यांनी काचांवर लावला.

मला वाटलं आता शुद्ध मराठी सुरू होते. पण मॅडम म्हणाल्या, "चूक माही हाये, सिस्टर. मी तुमाले सांगतलं, पन तुमी कशा करता ते पाह्यलं नाई." सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम उठल्या आणि त्यांच्या हातानं पंख्याचं बटन बंद झालं. तो पहिला पंखा.

मोहगावला आमच्या अंगणात आधीच बायका जमल्या होत्या. आई तर भरलेलीच बसली होती. "एक डाव इज्जत टांगली ते बस झालं, मॅडमबाई. पुन्हा बोलावलं म्हंजे निघालंच काईतरी, असंच म्हनून राहिलं गाव. माह्या सुनेले मी नाई धाडत." वहिनी दाराआड उभी. माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती.

मॅडम खाटेवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "निघालं काईच नाई. तुमच्यात काय हाये का नाई ते आमाले दिसलंच नाई. आमी काचा सुकवल्या. मेथीचं पान उनात पडलं, चुरगयलं, मंग तुमी सांगू शकता का ते मेथी होय का पालक? तशी आमची चूक झाली. तुमची काईच नाई." आणि वर म्हणाल्या, "पयला नंबर माहा."

"तुमचा?" आई.

"काऊन? मी बाई नाई का?"

बायका एकदम हसल्या. तिथंच अर्धं काम झालं असं मला वाटतं. शाळेची खोली मिळाली. आत पाय ठेवताच मॅडमनी वर पाहिलं, छताला पंखाच नव्हता. "गावातली सगळ्यात भारी खोली," म्हणाल्या आणि पडद्यामागे जाऊन खरंच सगळ्यांच्या आधी टेबलावर चढल्या.

वहिनी आली होती, पण भिंतीला टेकून. तिला कुणी टेबलावर चल म्हटलं नाही. बाहेर आल्यावर मॅडम तिलाच म्हणाल्या, "तू इकडं ये. सिस्टरच्या हातात काच आली की डोया ठेवाचा. हातात रायली, हालवली, फुकली, का वरडाचं, बुडवा म्हून. डर्राचं नाई."

सिस्टरांच्या हाताची सवय कुठं एका दिवसात जाते? दुसऱ्याच बाईला काच वर उचलली गेली. "बुडवा!" वहिनी ओरडली. साऱ्या खोलीत हशा. सिस्टर दचकल्या, काच चटकन बरणीत. मग वहिनीला जोरच चढला. "बुडवा! बुडवा!" बाहेर ओसरीवर बसलेल्या बायकाही तिच्यासोबत ओरडायला लागल्या. सिस्टर म्हणाल्या, "अवं, बुडवून राहिली ना माय!" इतक्या दिवसांनी मी वहिनीला हसताना पाहत होते. सगळ्या झाल्यावर ती एकटी उरली. मॅडमकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि गेली पडद्यामागे. या वेळी ओरडायला आई उभी राहिली. आई! "बुडवा" म्हणताना तिचा आवाज फाटला.

परतताना बस जामसांवलीला थांबली. कंडक्टरनं मॅडमच्या मांडीवरची पेटी पाहून विचारलं, "बाई, लोनचं हाये का?" मॅडम म्हणाल्या, "हाव. मुरू दे."

काचा रंगवल्या. नियमाप्रमाणे मॅडमनी आधी पाहिल्या आणि तोंड बंद ठेवलं. माझी नजर होईपर्यंत त्या कधी बोलत नसत. काचांवर नुसते नंबर होते, पण वहिनीचा शेवटचा होता, तो मी कशी विसरणार? एकेक काच स्वच्छ. मॅडमचीही. पेशी कशा, बघतच राहाव्या अशा, निळ्या, नारंगी, हिरव्या. मग शेवटची घेतली. पेशींची केंद्रं मोठी, काळी, खडबडीत, एकमेकांशी न जुळणारी. या वेळी सगळं दिसत होतं. न दिसलं असतं तर बरं, असं वाटण्याइतकं स्पष्ट. मी डोळा काढला नाही, तशीच रडायला लागले.

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पोरी, आत उतरलं असं मले दिसत नाई. वरवर हाये. पन माह्यावर नको जाऊ, नागपूरले दुसऱ्यायले पाहू दे." त्या स्वतः सोबत आल्या. तिथं तुकडा काढून तपासला, तेच निघालं. वहिनीची पिशवी काढली. भावानं तिचं सगळं केलं, आईनं लेकरं सांभाळली. पुढच्या कापसाला वहिनी परत शेतात होती, आईच्या शिव्या खात.

तेव्हापासून मॅडम जातील तिथला पंखा बंद व्हायला लागला. आमच्या खोलीत तर बरण्यांतून काचा काढायच्या-घालायच्याच असायच्या, पण बँकेत, पोस्टात कसल्या काचा? मी एकदा म्हटलंही, "मॅडम, इथं कायले?" तर म्हणाल्या, "सवय कुठं इचारून लागते का वं?"

वहिनी दर वर्षी तपासणीला यायची. एकदा अशाच मे महिन्यात आली, येताना मॅडमसाठी कैरीचं लोणचं घेऊन. मॅडमनी खणातून एक काच काढली. ती पहिली, सुकलेली, वहिनीचीच. टाकली नव्हती त्यांनी. नवीन सिस्टर शिकायला आल्या की आधी हीच दाखवायच्या. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आरसा उन्हाकडे वळवला आणि वहिनीला स्टुलावर बसवलं. "पाह्य. तुही हाये."

वहिनीनं एक डोळा हातानं झाकला नि दुसरा लावला. खूप वेळ पाहत राहिली.

"मॅडम, मले तं काईच दिसून नाई राहिलं. सारं धुकं धुकं हाये."

"मलेबी नाई दिसलं," मॅडम म्हणाल्या. "म्हून तं आली होती तुह्या अंगनात."

वहिनीनं डोळा काढला. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ब्लाऊज पाठीला चिकटलेला. मला राहवलं नाही, मी उठून पंख्याच्या बटनाकडे हात नेला.

"राहू द्या ताई," वहिनी म्हणाली. "मॅडमची काच सुकन."